रिकामी आकडी

“कमरेला होती,” मोकल वकील म्हणाले. “म्हणा बघू माझ्यामागून. कोयती कमरेला होती.”

आमचे हे काही म्हणेनात.

जिल्ह्याच्या कोर्टाच्या मागल्या अंगाला कैद्यांना बसवायची एक खोली होती. गजांच्या पलीकडे हे, अलीकडे वकील आणि मी, आणि बाजूला बाकड्यावर पेंगणारा पोलीस. मोकल वकिलांना जेवणानंतर बडीशेप लागायची. जेवण झालं नसलं तरी लागायची. ती चघळत ते पुन्हा सुरू झाले.

“निंबरे, ऐका. आज जज्जसाहेब तुम्हाला प्रश्न विचारणार. कोणता साक्षीदार काय बोलला ते सांगणार आणि त्यावर तुमचं म्हणणं विचारणार. शपथ नाही, उलटतपासणी नाही. तुम्ही दोनच उत्तरं द्यायची. ‘खोटं आहे’ नाहीतर ‘मला माहीत नाही’. फक्त कोयतीचं विचारलं तर सांगायचं, कामाला निघालो होतो, कमरेला होती, झटापट झाली, कसं घडलं ते कळलं नाही. आलं ध्यानात?”

“आलं,” हे म्हणाले.

“मग म्हणा.”

“कामाला निघालो होतो.”

“पुढं?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणा म्हणून. लग्नाला एवढी वर्षं झाली होती, पण नको असलेला शब्द ह्या माणसाच्या तोंडून काढणं मला कधी जमलं नव्हतं. त्यापेक्षा चिखलात रुतलेला बैल काढणं सोपं.

“अवो, म्हणा की,” मी म्हटलं. “कमरेला नाय तर काय डोक्यावर असते कोयती?”

पोलीस झोपेतच हसला. हे हसले नाहीत. तेवढ्यात पुकारा झाला आणि ह्यांना घेऊन गेले.

माणूस मेला होता हे खरं, आणि ह्यांच्या हातून मेला हेही खरं. मेलेला परका नव्हता. सहदेव, ह्यांचा चुलतभाऊ, वरच्या आळीतला. भांडण कशावरून, तर ऐनाच्या एका झाडावरून. आमच्या खोऱ्यात भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. राबाला झाडाच्या फांद्या लागतात. ते ऐनाचं झाड दोन घरांत सामाईक. एक साल त्यांनी तोडायचं, एक साल आम्ही. त्या वर्षी पाळी आमची होती आणि सहदेवनं झाड आधीच बोडकं करून ठेवलं. हे सकाळी फांद्या तोडायला गेले, झाडाकडे पाहिलं आणि तसेच वरच्या आळीकडे वळले. कमरेला आकडी, आकडीत कोयती.

आकडी म्हणजे लाकडाची खाच, कमरेला मागच्या बाजूनं दोरीनं बांधलेली. तिच्यात कोयती अडकवली की दोन्ही हात मोकळे. आमच्याकडचा पुरुष सकाळी उठून आधी आकडी बांधतो, मग तोंड धुतो.

त्या घरी काय झालं ते पाहणारं एकच माणूस होतं. सहदेवची बायको गुणाबाई, माझी जाऊ. मी ओरडा ऐकून धावले तेव्हा ह्यांनी सहदेवला पाठीवर घेतलं होतं आणि खालच्या रस्त्याकडे पळत सुटले होते. जीप मिळाली. पण तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत सहदेव पोचला नाही. ह्यांचा रक्तानं भिजलेला सदरा पुढं पुरावा म्हणून कोर्टात आला, लाखेची मोहर लावलेल्या पुडक्यातून. रक्त मारताना लागलं की वाहून नेताना, ते सदऱ्याला कुठं सांगता येतं?

जामीन मिळाला नाही. वकील ठेवायची ऐपत नव्हती म्हणून कोर्टानंच मोकल वकील दिले. मी तारखेला जायची आणि व्हरांड्यात बसायची. बाई जशी दुसरीच्या चुलीपाशी बसून तिचं कालवण शिकते तशी मी तिथं बसून कायदा शिकले. तीनशे दोन म्हणजे खून. त्याला जन्मठेप, नाहीतर फाशी. तीनशे चार म्हणजे माणूस मारला, पण तो खून नव्हे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, वकील माझी समजूत काढतायत. माणूस तर दोन्हीकडे मेलेलाच.

“बाई,” मोकल वकील म्हणाले होते, “मेलेल्याकडे बघून कोर्ट ठरवत नाही. मारणाऱ्याच्या मनात तेव्हा काय होतं ते बघून ठरवतं.”

“आणि मनातलं दिसतं कसं?”

“दिसत नाही, म्हणून हात बघायचा. हातात काय होतं, ते कुठून आलं, किती वेळा चाललं. वार एकच आहे, ते आपल्या बाजूचं. आता कोयती मारायला म्हणून आणली, की रोजच्यासारखी अंगावरच होती, एवढ्यावर सगळं अडलंय.”

म्हणून ती कमरेची कोयती. त्या एका वाक्यावर माझा नवरा परत येणार होता किंवा येणार नव्हता.

गुणाबाईची साक्ष आधीच झाली होती. तिचा भाऊ तिला घेऊन आला होता आणि पुढच्या बाकावर बसून तिच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. ती म्हणाली, “आरोपी कोयती घेऊन आमच्या घरात आला. मी पडवीत होते. मी पाणी दिलं. मंग दोघांची बोलाचाली झाली. मंग त्यानं कोयतीनं मारलं.” लग्न होऊन आल्यापासून ज्याला भावजी म्हणत आली त्याला ‘आरोपी’ म्हणताना तिची जीभ अडखळली, पण तिनं म्हटलं. जज्जसाहेब तिचं बोलणं वाक्यावाक्यानं नीट करून टाइप करणाऱ्याला सांगत होते. “मी त्यास पाणी दिले,” ते म्हणाले. यंत्रावर बोटं पडली, वाक्य कागदावर गेलं आणि पुढचं आलं. माझे कान ‘मारलं’ ह्या शब्दाला चिकटून बसले होते. बाकीचं सगळं कानांवरून वाऱ्यासारखं गेलं.

सरकारी वकील म्हणत होते, कोयती घेऊन घरात शिरला म्हणजे मारायलाच आला. आमचे वकील म्हणत होते, शिरला कारण ती कमरेला असतेच. भांडत होते दोघं, पण कोयती घरात शिरली ह्यावर त्यांचं अगदी एकमत होतं.

तर त्या दिवशी हे पिंजऱ्यात उभे राहिले. जज्जसाहेब एकेक प्रश्न वाचू लागले. जप्तीचा पंच असं म्हणतो, डॉक्टर तसं म्हणतात. हे “खोटं हाय” आणि “म्हाईत नाय” अशी उत्तरं देत होते, शाळेत पाढे म्हणावेत तशी. मोकल वकिलांचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्यांनी खिशातून बडीशेपेची पुडी काढली.

“साक्षीदार गुणाबाई सहदेव निंबरे सांगते की तुम्ही कोयती घेऊन तिच्या घरात शिरलात. यावर तुमचं काय म्हणणं?”

“खोटं हाय.”

इथं थांबले असते तर. पण ह्यांनी कठडा धरला, दोन्ही हातांनी.

“कोयती मी घरात नेली नव्हती, साहेब. पायरीवर ठेवली होती.”

जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “पायरीवर ठेवली?”

“व्हय. खालच्या पायरीवर. मंग वर चढलो.”

“आणि नंतर?”

“नंतर उचलली.”

मोकल वकील अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. बडीशेप त्यांच्या काळ्या कोटावर सांडली होती.

“कशासाठी उचललीत?”

“घरी जायला. भांडून उपयोग नव्हता, म्हनून निघालो. वाकून कोयती उचलली तेवढ्यात तो मागून आला. मला ढकललं. मी अंगनात पडलो. उठलो, तर तो काय तरी बोलला. मंग माझा हात उठला.”

“काय बोलला?”

“ते मी नाय सांगनार.”

“सांगा. कदाचित तुमच्या फायद्याचं असेल.”

“असंल,” हे म्हणाले. “पन ती हितं बसलीय.”

सगळं कोर्ट वळून माझ्याकडे बघू लागलं. मी पदराच्या टोकाकडे बघत राहिले. आमच्या घरात पाळणा हलला नव्हता. झाडाची पाळी कुणासाठी राखतोस, असंच काहीतरी सहदेव बोलला असणार. त्याच्या तोंडी ते नेहमीचंच होतं. मी ह्यांना ते आजवर विचारलेलं नाही.

बाहेर आल्यावर मोकल वकील व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभे राहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते हळू बोलले.

“बाई, अंगावरच्या वस्तूकडे हात आपोआप जातो. खाली ठेवलेली उचलायला आधी मनात यावं लागतं. मनात आलं, वाकला, उचलली, मारली. सरकारी वकील हेच वाचून दाखवणार. आणि वर हे काय? तो बोलला ते सांगणार नाही! चिथावणी दिली असं म्हणायची सोय होती, तीही गेली. तुमच्या नवऱ्यानं माझ्या हातात काहीच ठेवलं नाही हो.”

मी धावत मागच्या खोलीकडे गेले. ह्यांना परत न्यायची गाडी यायची होती. पोलीस म्हणाला, “पटपट आवरा, मावशी.” मी तेव्हा मावशी म्हणण्याइतकी जुनी नव्हते, पण कोर्टाच्या आवारात माणूस लवकर जुनं होतं.

मी गज धरले. “एक शब्द! एक शब्द मागितला होता तुमच्याकडं. कमरेला होती. एवढं म्हणायला काय तुमची जीभ झडत होती?”

“सहदेवच्या घरात कोयती लावून शिरलो असं सांगू? सगळ्या जिल्ह्यापुढं लिहून ठेवू?”

“आणि माणूस मारला ते लिहिलेलं चालतंय?”

“ते खरंच हाय ना.”

मला हसू आलं. खरंच आलं. असल्या वेळी ते येतं आणि मग लगेच रडू येतं, आणि दोन्ही एकाच तोंडावर आल्यामुळं बघणाऱ्याला कळत नाही काय चाललंय. पोलिसानं तोंड फिरवलं.

“अवो, फासावर देतील,” मी म्हटलं. “नायतर मरेपर्यंत आत ठेवतील. मी काय करू त्या घरात? भिंतींशी बोलू?”

ह्यांनी गजातून हात काढून माझ्या हातावर ठेवला. “ऐक. कोयती लावून चढलो असतो तर साऱ्या खोऱ्यानं काय म्हटलं असतं? मारायला गेला होता, असंच ना?”

“आणि मारला नाय का तुम्ही?”

“मारला. पन मारायला गेलो नव्हतो.” मग जरा थांबून, स्वतःशीच बोलावं तसं ते म्हणाले, “त्या घरचं पानी प्यालो मी. वयनीनं तांब्या दिला. कोयती लावून गेलो असतो तर दिला असता का तिनं?”

गाडी आली. हे गेले. मी तिथंच उभी राहिले.

आमच्या खोऱ्यातली ही रीत बाहेरच्याला सांगून कळायची नाही. कोयती कमरेला ठेवून कुणाच्या पडवीत चढणं म्हणजे चपला घालून देवघरात जाणं. माणूस येतो, खालच्या पायरीवर कोयती ठेवतो, वर चढतो. मग घरातली बाई तांब्या घेऊन बाहेर येते. जो कोयती काढत नाही त्याला कुणी या-बसा म्हणत नाही, आणि पाणी तर नाहीच नाही. तो भांडायला आलाय असं समजून बायका दार लोटून घेतात.

आणि गुणाबाई शपथेवर सांगून गेली होती. मी पाणी दिलं.

मी व्हरांड्यात पळत आले. मोकल वकील दुसऱ्याच कुणाच्या खटल्याचे कागद बांधत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं, उलटसुलट. त्यांना आधी वाटलं, बाईचं डोकं फिरलं. मग त्यांचा चघळणारा जबडा थांबला. त्यांनी आमची फाइल सोडली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“आहे,” ते म्हणाले. “‘मी त्यास पाणी दिले.’ बाई, हे माझ्यासमोर बोलली ती आणि मी उलटतपासणीत ह्याला हातही लावला नाही.” मग त्यांचा आवाज पुन्हा खाली गेला. “पण ही रीत कोर्टाला सांगणार कोण? तुम्ही सांगितलीत तर आरोपीची बायको. त्यांनी सांगितली तर आरोपी. गावातला कुणी आणला तर म्हणतील शिकवून आणला.”

“गुणाबाई.”

“हो. तिला पुन्हा बोलवायचा अर्ज देता येतो. पण विचार करा. तिचा नवरा गेलाय. ती तुमच्या बाजूचं का बोलेल? आणि ती म्हणाली, ‘कोयती कमरेला होती तरीही मी पाणी दिलं’, की आहे नाही ते सगळं संपलं. न बोलवता मी निदान शंकेचा फायदा मागू शकतो. बोलवू का? तुम्ही सांगा.”

असल्या गोष्टी बाईमाणसाला विचारायची त्यांची पद्धत बघून मला त्यांच्याबद्दल माया वाटली, आणि रागही आला. मी म्हटलं, “बोलवा.”

“आणि तिला भेटायचं नाही. शब्द बोलायचा नाही. साक्षीदार फितवला म्हणून तुम्हालाच आत घालतील.”

न भेटायला आमचं गाव काय शहर आहे? पाणवठा एकच. उन्हाळा होता, झरा आटत आला होता. वाटी वाटीनं पाणी भरावं लागायचं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर गुणाबाई खाली बसलेली. मी वर उभी राहिले. आम्ही दोघी एकाच मांडवाखालून ह्या गावात आलेल्या, एकीच्या हळदीला दुसरीनं जात्यावरच्या ओव्या म्हटलेल्या. ती भरत राहिली, मी बघत राहिले. बोलायचं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांना कुणी मनाई केली नव्हती, त्यांनी काय मागितलं असेल ते असेल.

तिनं हंडा भरला, उचलून कमरेवर घेतला आणि माझ्याजवळून जाताना थांबली.

“तुझा नवरा तिथं जेवतो ना?” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“माझा नाय जेवत.”

आणि ती चढण चढून गेली. मी त्या दिवशी रिकामा हंडा घेऊन घरी आले.

अर्जावर सरकारी वकिलांनी हरकत घेतली. जज्जसाहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि साक्षीदाराला पुन्हा बोलवायचा हुकूम दिला. तारीख आली. गुणाबाईचा भाऊ तिच्या कानाशी लागला होता. कोर्टाच्या दारातसुद्धा तो बोलतच होता. ती पिंजऱ्यात चढली, शपथ घेतली. समोरच्या पिंजऱ्यात हे उभे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मोकल वकील उठले. त्या दिवशी त्यांच्या तोंडात बडीशेप नव्हती.

“गुणाबाई, मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत, आरोपी आला तेव्हा मी पाणी दिलं. ते खरं आहे?”

“दिलं.”

“पाणी दिलं तेव्हा कोयती कुठं होती?”

पुढच्या बाकावर तिचा भाऊ खाकरला. गुणाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. “तो घेऊन आला होता,” ती म्हणाली.

“कुठं होती विचारतोय.”

“कोयती घेऊन घरात आला होता.”

मोकल वकिलांच्या मानेवरचा घाम मला मागून दिसत होता. पुढचा प्रश्न विचारावा की बसावं, हे ते ठरवत होते. सरकारी वकील खुर्चीत मागे रेलले. मी मनात म्हटलं, संपलं. माझ्याच तोंडानं ‘बोलवा’ म्हटलं आणि संपवलं.

“थांबा,” जज्जसाहेब म्हणाले. “मी विचारतो.” त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि गुणाबाईकडे वळले. आवाज साधा होता, घरात विचारतात तसा. “बाई, घेऊन आला ते तुम्ही सांगितलंत, मी लिहून घेतलं. माझं विचारणं वेगळं आहे. कमरेला कोयती लावून पडवीत चढलेल्या माणसाला तुम्ही पाणी दिलंत?”

गुणाबाईनं मान वर केली. तिच्या गालावर रंग चढला.

“मी?” ती म्हणाली. “मी काय वळण नसलेल्या घरची हाय, साहेब? कोयती लावून आलेल्याला कोन पानी देतं? भावजींनी पायरीवर ठेवली, मंगच मी तांब्या घेऊन आले!”

टाइप करणाऱ्यानं हात वर धरून जज्जसाहेबांकडे पाहिलं.

मग तिला कळलं. आपण काय बोललो ते तिला आमच्या सगळ्यांच्या नंतर कळलं. तिचा भाऊ उठून उभा राहिला होता. शिपायानं त्याला खांदा धरून बसवलं. तिनं कठड्याला हात लावला आणि समोर पाहिलं, पहिल्यांदाच, ह्यांच्याकडे. ह्यांनी मान खाली घातली होती.

सरकारी वकिलांनी उठून पुष्कळ आदळआपट केली. कुणी धमकावलं का, कुणी भेटलं का, मागच्या वेळी वेगळं का सांगितलं? ती एवढंच म्हणाली, “तवा कोनी पान्याचं विचारलं नव्हतं.” आणि शेवटी त्यांनी चिडून विचारलं, मग तुमच्या नवऱ्याला मारलं कुणी? तेव्हा ती म्हणाली, “भावजींनीच. मी कुठं नाय म्हनते?”

निकालाच्या दिवशी जज्जसाहेबांनी पुष्कळ वाचलं. त्यातलं बरंचसं माझ्या डोक्यावरून गेलं. पण एक ओळ कळली, ती मला अजून पाठ आहे. जीव घेण्याच्या इराद्याने आलेला इसम हत्यार पायरीवर ठेवून त्या घरचे पाणी पीत नाही. पुढं होतं, अचानक उद्भवलेले भांडण, निघून जात असताना झालेली झटापट, एकच वार, जखमीस स्वतः वाहून नेणे. म्हणून खून नाही. सदोष मनुष्यवध. तीनशे चार. सात वर्षं सक्तमजुरी, आत काढलेले दिवस त्यातून वजा.

ज्या ‘ठेवली आणि उचलली’वर हे लटकणार होते त्यातलं ‘ठेवली’ कोर्टानं धरलं. मोकल वकील माझ्याकडे वळले आणि खिशातली पुडी माझ्यापुढं धरली. मी चिमूटभर बडीशेप घेतली. आयुष्यात तेवढी गोड बडीशेप मी खाल्ली नाही, आणि गिळताही आली नाही. कारण दाराशी गुणाबाई उभी होती.

तिचा भाऊ तिला तिथंच टाकून निघून गेला होता. मी बाहेर आले तेव्हा आवारातल्या नळाशी ती तोंड धूत होती. मी जवळ गेले. आता कुणाची मनाई नव्हती.

“बाय,” मी म्हटलं.

“तुझ्यासाठी नाय बोलले,” ती म्हणाली. नळ तसाच चालू होता. “त्याच्यासाठी तर नायच. सात वर्षं काय, सत्तर झाली तरी माझा मानूस येत नाय. पन माझ्या घराला कोन नावं ठेवील ते मी नाय ऐकनार.”

एसटीत आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो, कारण दुसरी जागा नव्हती. उतरल्यावर ती वर गेली, मी खाली गेले.

हे परत आले ते खूप वाळून आले. पुढचे दोन दात गेलेले, केस पांढरे. घरात शिरले, आढ्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, माझ्याकडे सगळ्यात शेवटी पाहिलं. मी म्हटलं, “जेवता का?” ते म्हणाले, “आलो जाऊन.”

कुठं ते मी विचारलं नाही. खुंटीवर त्यांची आकडी अजून टांगलेली होती. कोयती कोर्टातून कधी परत आलीच नाही. ते रिकामी आकडी कमरेला बांधत होते, सवयीनं, आरशात न बघता भांग पाडावा तशी. मी लांबून मागोमाग गेले.

ते वरच्या आळीत गेले आणि सहदेवच्या अंगणात खालच्या पायरीशी उभे राहिले. वर चढले नाहीत. हाकही मारली नाही. गुणाबाई पडवीत तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. मी कुंपणाच्या मागं होते.

“काय हाय?” ती म्हणाली.

“काय नाय, वयनी.”

“कोयती कुठाय?”

“नाय. आता धरत नाय मी.”

“मंग पायरीवर काय ठेवनार?”

ह्यांनी हात मागं नेला. गाठ सुटता सुटेना, बोटं पहिल्यासारखी राहिली नव्हती. सोडली. रिकामी आकडी त्यांनी दोन्ही हातांनी खालच्या पायरीवर ठेवली, तिची दोरी नीट गुंडाळून, आणि मागं सरकून अंगणात तसेच उभे राहिले.

गुणाबाई उठली. आत गेली. दार तिनं लोटलं नाही.

बऱ्याच वेळानं आतून हंड्यावरची थाळी उचलल्याचा आवाज आला.